आम्ही की आपण? : अजाइल मॅनिफेस्टो मराठीत वाचताना

अजाइल मॅनिफेस्टोबद्दल माझी पहिली तक्रार त्याच्या लेखकांबद्दल नाही, वाचकांबद्दल आहे. हा जाहीरनामा फोनच्या एका स्क्रीनवर मावतो. तरीही रोज स्टँडअपला उभी राहणारी, दर दोन आठवड्यांनी रेट्रोमध्ये चेहरे पाडून बसणारी बहुतेक माणसं त्याच्या वाटेला गेलेली नसतात. मुलाखत घेताना मी हमखास विचारतो, अजाइल म्हणजे काय? उत्तरात स्प्रिंट येतो, स्टोरी पॉइंट येतात, बर्नडाउन येतो, जिरा येतो (फोडणीतलं नव्हे). यातला एकही शब्द त्या जाहीरनाम्यात नाही, त्याला जोडलेल्या बारा तत्त्वांतही नाही. पोथी कुणी उघडायची नाही, पण आरतीचं सामान मात्र घरोघरी, असा हा प्रकार.

तर मी पोथी उघडली, आणि नुसती न वाचता माझ्यापुरती मराठीत आणून पाहिली. इंग्रजी वाचताना सवयीनं नजर जिथून घसरून जाते, तिथे मराठी हात धरून थांबवते. मला तिनं दोन ठिकाणी थांबवलं. एकदा एका शब्दयोगी अव्ययापाशी आणि एकदा एका सर्वनामापाशी.

आधी थोडा संदर्भ. फेब्रुवारी २००१. अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ डोंगरातल्या रिसॉर्टवर सतरा जण जमले. केंट बेक, मार्टिन फाउलर, वॉर्ड कनिंगहॅम, रॉन जेफ्रीज, केन श्वेबर, जेफ सदरलँड, अ‍ॅलिस्टर कॉकबर्न वगैरे. सतराच्या सतरा पुरुष. प्रत्येकाची सॉफ्टवेअर करण्याची आपापली पद्धत होती: कुणाची एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग, कुणाची स्क्रम, कुणाची क्रिस्टल. तोवर या सगळ्या पद्धतींना मिळून 'हलक्या' पद्धती म्हणत. कॉकबर्न यांना हे नाव खटकत होतं. पद्धत हलकी असेल, पण मला स्वतःला कुणी हलका म्हटलेलं चालणार नाही, अशा अर्थाचं ते बोलल्याची नोंद जिम हायस्मिथ यांनी करून ठेवली आहे. मग 'अजाइल' हा शब्द पुढे आला. फाउलर हे ब्रिटिश. त्यांची शंका एवढीच, की अमेरिकनांना हा शब्द उच्चारता येईल का. आपण तो ब्रिटिशांसारखाच उच्चारतो, त्यामुळे निदान त्या बाबतीत तरी पुण्यात अडचण आली नाही.

जाहीरनाम्यात चार तुलना आहेत. माझ्या मराठीत त्या साधारण अशा उतरल्या: प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं, भारंभार कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर, कराराच्या घासाघिशीपेक्षा गिऱ्हाइकासोबत मिळून काम, आखलेल्या योजनेला चिकटण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं. त्यानंतर एक वाक्य येतं. त्यात कबूल केलं आहे, की उजवीकडच्या गोष्टींनाही मोल आहे, आम्ही डावीकडच्यांना जास्त मोल देतो एवढंच.

इथेच पहिली गंमत. इंग्रजीत महत्त्वाची गोष्ट आधी येते आणि कमी महत्त्वाची मागून. मराठीत 'पेक्षा' लागतं ते कमी महत्त्वाच्या गोष्टीला, आणि ती वाक्यात आधी येते. डावं-उजवं सरळ उलटं होतं, आणि ते शेवटचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं तर अर्थाचा अनर्थ होतो. मला ही नुसती भाषांतरातली कटकट वाटली नाही. मराठी वाक्य आधी प्रक्रियेचं, कागदाचं, कराराचं नाव घेतं आणि मग म्हणतं, यापेक्षा ते मोठं. म्हणजे लहान गोष्ट खोलीत हजर आहे, तिच्यासमोर तुलना चालली आहे. इंग्रजीत ती वाक्याच्या शेपटाला असल्यामुळे सहज गळून पडते.

आणि ती गळलीच. गेल्या पंचवीस वर्षांत या मजकुराचं जे झालं ते मराठीत दोन शब्दांत सांगता येतं: 'पेक्षा' होतं, त्याचं 'ऐवजी' झालं. कागदपत्रांऐवजी सॉफ्टवेअर. योजनेऐवजी बदल. ज्याला डॉक्युमेंट लिहायचा कंटाळा होता त्याला आयता ग्रंथाधार मिळाला. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर या जाहीरनाम्याचं पोस्टर आहे, त्यावर चार ओळी ठळक छापल्यात, पाचवी नाही. मूळ मजकुराखाली लेखकांनी परवानगी दिली आहे, की कुठेही नकला करा, पण पूर्ण मजकुराची करा. त्यांना बहुधा अंदाज असावा.

अपुऱ्या वाचनाची या धंद्याला जुनी सवय आहे. ज्याला सगळे 'वॉटरफॉल' म्हणून शिव्या देतात त्याचं मूळ विन्स्टन रॉइस यांच्या १९७० सालच्या निबंधात सांगितलं जातं. त्या निबंधात वॉटरफॉल हा शब्दच नाही. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणाऱ्या चौकटींचं चित्र आहे, आणि लगेच पुढे असं काम करणं धोक्याचं आहे असा इशारा आहे. लोक चित्रापाशी थांबले. अजाइलच्या बाबतीत चार ओळींपाशी थांबले.

आता सर्वनाम. इंग्रजीतल्या 'वी'ला मराठीत दोन पर्याय आहेत. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. इंग्रजी भाषिकाला ही निवड करावीच लागत नाही. मला करावी लागली. सुरुवातीला मी भाबडेपणानं नव्हे, मुद्दामच 'आपण' लिहून पाहिलं, कारण पंचवीस वर्षं आपल्याला हा मजकूर तसाच शिकवला गेला आहे: आपण अजाइल आहोत, आपण माणसांना महत्त्व देतो. ते टिकलं नाही, कारण पहिलंच वाक्य आड येतं. त्यात ते म्हणतात की सॉफ्टवेअर बनवण्याचे चांगले मार्ग ते शोधत आहेत, स्वतः करून आणि 'इतरांना' करायला मदत करून. म्हणजे पहिल्याच वाक्यात दोन पार्ट्या आहेत. एक शोधणारे, आणि दुसरे ज्यांना मदत केली जाते ते. हा 'आम्ही'च आहे. आपण 'इतर'मध्ये येतो.

हे 'आम्ही' कोण होते? बरेचसे सल्लागार, लेखक, प्रशिक्षक. नाव असलेली माणसं. गिऱ्हाइकानं मूर्खपणा केला तर त्याला तोंडावर तसं सांगू शकणारी आणि फारच झालं तर बॅग उचलून निघू शकणारी. अशा माणसाला करार, कागद आणि योजना हे तीन पायांतले तीन बेड्यांसारखे वाटतात, आणि त्याचं खरंही आहे. बोलण्यानं, विश्वासानं, समोरासमोर बसून त्याचं काम जास्त चांगलं होतं. कारण तो बोलला तर ऐकलं जातं.

हिंजवडीत नुकत्या लागलेल्या पोरीचं तसं नसतं. ती ज्या कंपनीत आहे त्या कंपनीचा करार तिच्या जन्माआधीपासूनच्या ओळखीतून कुणीतरी कुठेतरी केलेला आहे. गिऱ्हाईक न्यू जर्सीत. तत्त्व सांगतं की धंद्याची माणसं आणि डेव्हलपर यांनी रोज एकत्र काम करावं, आणि निरोप पोचवायचा सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे समोरासमोर बोलणं. हिवाळ्यात तिकडे सकाळचे साडेदहा होतात तेव्हा इकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. समोरासमोर म्हणजे व्हिडिओ बंद ठेवलेले आठ काळे चौकोन. या मुलीकडे ना नाव आहे, ना 'नाही' म्हणायची ताकद. मग तिच्या बाजूनं कोण उभं राहतं? तोच कागद, तोच करार, तीच योजना. स्नोबर्डवाल्यांना जे ओझं होतं ते हिच्या हातातली ढाल असतं. आणि अजाइलच्या नावाखाली सगळ्यात आधी तीच काढून घेतली जाते.

एक प्रसंग सांगतो, नावं वगळून. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं प्रीमियम मोजण्याचं काम होतं. एका कुटुंबाच्या दोन-तीन गाड्यांचा मिळून हप्ता काढायचा. प्रश्न साधा: सेंट कुठे पूर्णांकात न्यायचे, प्रत्येक गाडीला की शेवटच्या बेरजेला? दोन्हींत डॉलर-दोन डॉलरचा फरक पडतो, पण लाखभर पॉलिसींवर तो फरक छोटा राहत नाही. रात्रीच्या कॉलवर गिऱ्हाइकाकडचा प्रॉडक्ट ओनर म्हणाला, प्रत्येक गाडीला. टिकिटात यातलं काही नव्हतं. एक ओळीची स्टोरी होती. आमच्या टीममध्ये एक वर्षभर झालेली मुलगी होती. तिची एक सवय होती: कॉल संपला की सगळ्यांना तीन ओळींची मेल. विषय नेहमी एकच, 'आज ठरलेलं'. मॅनेजर एकदा हसत म्हणालाही होता, अगं, अजाइल आहोत आपण, कशाला एवढं डॉक्युमेंटेशन?

रिलीजच्या आदल्या आठवड्यात तोच प्रॉडक्ट ओनर म्हणाला, हिशेब चुकलाय, बेरजेवर पूर्णांक करायला हवा होता, हा तुमचा डिफेक्ट आहे. डिफेक्ट म्हणजे फुकटात, आणि शनिवार-रविवारी. बदल म्हणजे पैसे देऊन, पुढच्या स्प्रिंटला. एवढ्या एका शब्दावर सहा जणांचा आठवड्याचा शेवट लटकला होता. तिनं सात आठवड्यांपूर्वीची मेल पुढे केली. चार मिनिटांत विषय मिटला. प्रॉडक्ट ओनर वाईट माणूस नव्हता, तो खरोखर विसरला होता. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये या मेलचा उल्लेख नव्हता. व्हेलॉसिटीचा होता.

व्हेलॉसिटीवरून पॉइंटांकडे येऊ, कारण या मजकुराच्या बाहेर जन्मून त्याच्या नावावर जगणाऱ्या गोष्टींत हे सगळ्यात खोडकर कार्टं आहे. रॉन जेफ्रीज यांनी सांगितलेली हकिगत अशी: सुरुवातीला अंदाज 'आदर्श दिवसां'त सांगत, म्हणजे कुणी मध्ये त्रास दिला नाही तर किती दिवस लागतील. प्रत्यक्षात त्याच्या तिप्पट लागत. मग साहेब लोक विचारत, एका दिवसाच्या कामाला तीन दिवस कसे? या वैतागातून दिवसांचं नाव बदलून 'पॉइंट' केलं. म्हणजे पॉइंट हा मुळात साहेबाच्या प्रश्नापासून वाचायचा आडोसा होता. पुढे त्याचंच मोजमाप करून साहेब दोन टीमची शर्यत लावू लागले. जेफ्रीज यांनी २०१९ साली लिहिलं, की पॉइंटांचा शोध कदाचित मीच लावला असेन, आणि लावला असेल तर आता वाईट वाटतं. धंद्यात इतक्या सरळ शब्दांत वाईट वाटून घेणारे थोडे.

'स्प्रिंट' शब्दाचंही तसंच. १९८६ साली ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये नव्या वस्तू घडवणाऱ्या कंपन्यांवर लेख लिहिला. होंडाची गाडी, फुजी-झेरॉक्सचं कॉपी मशीन, कॅननचा कॅमेरा, असल्या वस्तू. त्यांनी रग्बीची उपमा वापरली: एकेकानं दांडा पुढच्याच्या हातात देत पळण्याऐवजी सगळा संघ मिळून चेंडू पुढे नेतो. तिथून स्क्रम हे नाव आलं. रग्बी हा झुंडीचा, ढकलाढकलीचा खेळ. त्यात स्प्रिंट कुठून घुसला, याची मला भाषेच्या दृष्टीनं मोठी मौज वाटते. शंभर मीटर धावल्यावर माणूस गुडघ्यावर हात ठेवून उभा राहतो. इथे शुक्रवारी संपला की सोमवारी पुढचा. उलट मूळ बारा तत्त्वांतलं एक तर सांगतं, की पैसे देणाऱ्यांपासून वापरणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना अनिश्चित काळ टिकवता येईल असा वेग हवा. केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमध्ये १९९९ साली चाळीस तासांचा आठवडा हा चक्क नियम होता, आणि लागोपाठ दुसऱ्या आठवड्यात जादा काम करायचं नाही, असाही. तो नियम आपल्याकडच्या किती प्रशिक्षणांत कुणी ऐकला?

माझ्या मते खरा घोटाळा इथे झाला. स्नोबर्डच्या टेबलावर दोन प्रकारचा माल होता. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाल्यांकडे हातानं करायच्या गोष्टी होत्या: आधी टेस्ट लिहा, दिवसातून अनेकदा कोड एकत्र करा, चालता कोड सतत साफ करत राहा, दोघं मिळून लिहा. स्क्रमवाल्यांकडे बैठकींचा साचा होता. बैठकी विकायला सोप्या. दोन दिवसांत शिकवून सर्टिफिकेट देता येतं. टेस्ट आधी लिहायची सवय दोन दिवसांत लागत नाही. म्हणून बाजारात बैठकी आल्या आणि हातातलं कौशल्य मागे राहिलं. पण ते कौशल्य नसेल तर 'बदलाला सामोरं जाणं' ही निव्वळ धमकी आहे. ज्या कोडला टेस्ट नाहीत, त्यात रिलीजच्या आधी बदल करायचा म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. दोन-तीन वर्षं काम केलेल्या वाचकाला मी एवढंच सुचवीन, की टेस्ट लिहिण्याचं वेगळं टिकिट कधी करू नका. वेगळं टिकिट कापता येतं, आणि पहिलं तेच कापलं जातं. स्टोरीच्या अंदाजातच टेस्ट धरा आणि त्याबद्दल परवानगी मागायला जाऊ नका. सुतार फळी रंधायची परवानगी मागत नाही.

अंदाजाच्या भांडणावरही मला बैठकीपेक्षा हाताचा उपाय जास्त पटतो: काम बारीक करा, आणि उभं कापा. 'डेटाबेसचं टेबल', मग 'सर्व्हिस', मग 'स्क्रीन' अशी आडवी चकती कापली की तिन्ही होईपर्यंत दाखवायला काही नसतं. 'एका गाडीचा, सवलत न धरता, हप्ता दिसतो' ही छोटी स्टोरी वरपासून खालपर्यंत जाते. ती तीन दिवसांत संपते, गिऱ्हाईक ती बघतं, आणि त्याला आपलं म्हणणं बदलायचं असेल तर ते सातव्या आठवड्याऐवजी चौथ्या दिवशी बदलतं. सगळ्या स्टोऱ्या साधारण एवढ्याच असतील तर पॉइंट मोजायची गरजही उरत नाही, स्टोऱ्याच मोजा. वरच्या पूर्णांकाच्या वादात कागदानं शनिवार वाचवला. स्टोरी अशी कापली असती तर वादच पहिल्या पंधरवड्यात निघाला असता. ते कापणं प्रॉडक्ट ओनरला मान्य नव्हतं, त्याला 'पूर्ण मॉड्यूल' बघायचं होतं. पुन्हा प्रश्न तोच, कोण ठरवतं.

जाहीरनाम्याच्या लेखकांनी नंतर खंत व्यक्त केलेली आहे. डेव्ह थॉमस यांनी २०१४ साली लिहिलं, की विशेषण होतं त्याचं नाम करून टाकलंत आणि मग ते विकायला काढलंत. व्याकरणाचा मुद्दा काढणारा प्रोग्रॅमर मला आपोआप आवडतो. फाउलर २०१८ साली 'अजाइल इंडस्ट्रियल कॉम्प्लेक्स'वर बोलले, लोकांवर पद्धत वरून लादली जातेय म्हणाले. दोघांचं निदान बरोबर आहे. पण दोघंही दोष बाजाराला देतात आणि मजकुराला सोडून देतात, तिथे माझं जमत नाही. मजकुरात निर्णय कुणाचा याबद्दल मौन आहे. माणसं महत्त्वाची, पण कुठली? बदलाला सामोरं जायचं, पण कुणाच्या शनिवारी? लेखकांना हे प्रश्न पडले नाहीत, कारण त्यांच्या 'आम्ही'त ते सुटलेले होते. बाजारानं त्या रिकाम्या जागेत आपला माणूस बसवला. जागा रिकामी होती हे मात्र खरं.

स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत २०११ साली एक शब्द बदलला. तोवर टीम स्प्रिंटच्या कामाचं 'कमिटमेंट' देत असे. त्याजागी 'अंदाज' हा शब्द आला. वचन आणि अंदाज यांतला फरक हवामान खात्याला विचारा. इतकी वर्षं झाली तरी आपल्याकडे वाक्य तेच आहे: पण तुम्ही कमिट केलं होतंत ना? स्टँडअपला टाळता न येणारे ते तीन प्रश्न, काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, तेही २०२० च्या आवृत्तीतून गेले. रोज हजेरीसारखे ते म्हटले जाताना मी अजूनही ऐकतो, आणि म्हणणाऱ्याची नजर बोर्डकडे नसते, साहेबाकडे असते. बोर्डच्या उजव्या टोकापासून, म्हणजे संपत आलेल्या कामापासून सुरुवात करून पाहा. माणसांची हजेरी आपोआप बंद होते आणि अडकलेलं काम दिसायला लागतं. हे करायला सर्टिफिकेट लागत नाही.

'आपण' या शब्दाचा मराठी ऑफिसातला खास वापर या लेखात सुटू नये. "आपण हे आज संपवून टाकूया." "आपण शनिवारी जरा बसूया का?" बोलणारा त्या 'आपण'मध्ये नसतो. व्याकरणानं आत घेतलेल्या आणि कामानं बाहेर राहिलेल्या या सर्वनामाला वैयाकरणांनी अजून नाव दिलेलं नाही. म्हणून भाषांतरात मी शेवटी 'आम्ही'च ठेवलं. ते निदान प्रामाणिक आहे: सतरा माणसं, त्यांची नावं खाली आहेत, त्यांनी त्यांच्यापुरतं काय मोलाचं ते सांगितलं. आपल्या टीमचं काय मोलाचं ते आपल्याला वेगळं लिहावं लागेल, आणि त्यात कदाचित करार आणि कागद थोडे वर सरकतील.

ती मेलवाली मुलगी आता दुसऱ्या कंपनीत आहे. मध्यंतरी भेटली होती. तिथंही रात्रीचा कॉल आहेच, म्हणाली, पण कॉल संपल्यावर 'आज ठरलेलं' आता गिऱ्हाईकच पाठवतं. तिची तीन ओळींची असायची, त्यांची पाच ओळींची असते. चौथ्या ओळीत काय ठरलं नाही ते असतं.